वळलेल्या कडा

"आजोबा, तुम्ही स्वतःच्या हातानं किती माणसं मारलीत हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून नातीनं बेधडक विचारून टाकलं. बाबांनी जपलेल्या जुन्या लष्करी गाड्यांच्या शेडमध्ये आई-बाबांचे हात जागीच थांबले. आजोबा मात्र खो खो हसले.

"एकही नाही गं, भवाने! मी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. शेवटच्या फेरीत तर शत्रूचेच जखमी कैदी नेत होतो, गाडीत धडधाकट असा मी एकटाच. त्यांच्याच लोकांनी बाहेरून गोळ्या झाडल्या. मागचं कुणी वाचलं नाही. पत्र्याला चिकटलेलं मांस नळी लावून धुवावं लागलं."

तीच रुग्णवाहिका आज रंगवायची होती. आईनं गोळ्यांची भोकं बुजवायला पुट्टी कालवली होती. पैज जिंकल्याच्या तोऱ्यात ती बाहेरून भोकं घासायला लागली आणि तिचं बोट चर्रकन कापलं. पत्र्याच्या कडा बाहेर वळलेल्या होत्या. गोळी पलीकडून शिरून इकडून निघाली असेल, म्हणून ती पळत पलीकडे गेली. तिथल्याही सगळ्या कडा बाहेरच वळलेल्या होत्या. बाहेरून आत शिरलेली गोळी एकही नव्हती.

आजोबांचं हसू कुठल्या कुठे गेलं. "बघत काय बसलीस? पुट्टी लाव आधी!"

तिनं रक्ताळलेल्या हातानं पुट्टीची पाटी उलटी केली.



"आई, बाबा, ही भोकं मी कुणालाही बुजवू देणार नाही."