तुझी तूतू

"आजीचं नाव माहीत नाही? मग माझं नाव घे की," तूतू म्हणाली, आणि पहिल्या बाकावर बसलेली अनुहेआ जागच्या जागी पेटली.

तूतू अनुहेआची सख्खी आजी, आईची आई. मंगळवारी आणि गुरुवारी ती चौथीच्या वर्गाला हवाईयन शिकवायला यायची, तेव्हा सव्वीस पोरं तिच्याभोवती 'तूतू, तूतू' करत नाचायची. ते अनुहेआनं चालवून घेतलं होतं. इथे सगळ्याच आज्यांना तूतू म्हणतात, त्याला कोण काय करणार? पण येत्या गुरुवारी प्रत्येकानं उभं राहून आपल्या आजीचं नाव सांगायचं होतं, आणि ही शेलिन, तीन आठवड्यांपूर्वी लास वेगासहून मावशीकडे राहायला आलेली, जिला या भाषेतले चार शब्द धड येत नव्हते, ती अनुहेआच्या आजीचं नाव घेणार होती. तेही आजीनंच आपणहून दिलेलं!

"म्हण, ओ एमालिया को'उ तूतू. एमालिया माझी आजी."

"ओ एमालिया कोउ तूतू," शेलिन म्हणाली.

वर्ग खिदळला. को'उ म्हणजे माझी आणि कोउ म्हणजे तुझी. फरक एवढासाच, मध्ये घसा क्षणभर बंद करायचा. इथली पोरं बोलायला लागतात तेव्हापासून तो बंद करतात, शेलिनला मात्र काही केल्या जमत नव्हता.

तूतूनं तिच्या गळ्याला दोन बोटं लावली. "इथे थांबव. नळ बंद करतेस ना, तसा. आता सोड. हं, पुन्हा."

शेलिनला गुदगुल्या झाल्या. तूतूही हसली. अनुहेआ त्या बोटांकडे बघत राहिली. आज सकाळी याच बोटांनी घाईघाईत तिची वेणी ओढून काढली होती, दुखतंय म्हटलं तर 'उशीर झालाय, गप बस' म्हणून. आणि इथे वेळच वेळ! तिला हेवा वाटत होता. हेवा वाटतोय हे तिला कळत होतं, आणि कळूनही तो कमी होत नव्हता.

"अनुहेआ," तूतू म्हणाली, "तुझा घसा चांगला आहे. मधल्या सुट्टीत हिच्याकडून करून घे."

सुट्टीत दोघी झाडाखालच्या बाकावर बसल्या. शेलिननं मावशीनं केलेली मुसुबी काढली, भातावरच्या मांसाच्या तुकड्यासकट तिचे दोन भाग केले आणि मोठा भाग पुढे केला. अनुहेआनं तो घेतला आणि खाल्लाही.

"म्हण."

"कोउ तूतू."

"लास वेगासला घसे नसतात का गं?"

शेलिन ओशाळली. तिनं डोळे मिटून, मान ताठ करून पुन्हा म्हटलं. या वेळी मध्ये अगदी हलकासा खटका आला. आणखी चार वेळा म्हटलं असतं तर जमलं असतं. अनुहेआला ते ऐकू आलं.

"छे! आधीचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "न थांबता म्हण, सरळ."

"पण तूतू तर मध्ये थांबते."

"म्हातारी आहे ना ती. जुन्या माणसांची पद्धत आहे ती. आपल्या वयाचं कोणी नाही थांबत."

"खोटं!"

"मला माहीत असणार की तुला? माझी आजी आहे ती."

शेलिनला ते पटलं. सुट्टी संपेपर्यंत ती घोकत राहिली. नळावर पाणी प्यायला गेली तेव्हाही ओठ हलतच होते.

गुरुवारी तिची पाळी आली. केसांत फूल खोचून आली होती. तूतूच्या शेजारी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ एमालिया कोउ तूतू!"

म्हणताना बघत होती ती अनुहेआकडे. एमालिया तुझी आजी. अनुहेआला कोणी गूळ भरवल्यासारखं वाटलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "दिली रे, आजी देऊन टाकली!" सगळा वर्ग हसायला लागला.

"गप्प बसा रे," तूतू म्हणाली. "पुन्हा म्हण, बाळ. सावकाश."

शेलिनचे कान लाल झाले होते. तिनं नजरेनंच अनुहेआला विचारलं. अनुहेआनं गळ्यावर नुसतं बोट ठेवलं असतं तरी पुरलं असतं. तिनं मान डोलावली.

"ओ एमालिया कोउ तूतू."

हसू वाढलं. तूतूनं हातानंच पुन्हा म्हणायची खूण केली. शेलिनचे डोळे भरून आले होते, तरी अनुहेआवरून ते हलले नाहीत. आणि अनुहेआनं पुन्हा मान डोलावली. आता ती थांबवता येईना.

"कोउ तूतू," शेलिन तिसऱ्यांदा म्हणाली.

तूतूनं त्या नजरेचा माग काढला. मग ती हळूहळू बाकांमधून चालत आली आणि अनुहेआच्या कानाशी वाकली.

"तीनदा दिलं तिनं मला तुझ्या पदरात, सगळ्यांसमोर. भरलं पोट?"

अनुहेआनं मान खाली घातली.

फळ्यापाशी शेलिन अजून तशीच उभी होती. तूतू रागावली आहे एवढं तिला कळत होतं, का ते कळत नव्हतं. तिनं मनगटानं नाक पुसलं.

"अनुहेआ," तिनं हळूच विचारलं, "अजून मोठ्यानं म्हणू का?"