घाटातली हाताने घेतलेली वळणं

आंबोली घाटात गाडी आपोआप थांबली.

"पुढे दरड कोसळली आहे," गाडी म्हणाली. "या रस्त्याचा विमा आत्ताच रद्द झाला. पुढे जाता येणार नाही."

मागच्या सीटवर नेत्राला कळा सुरू झाल्या होत्या. शेजारी तिचे सासरे होते, बहात्तर वर्षांचे यशवंतराव धुरी. त्यांनी बाहेर पाहिलं. दगडांच्या कडेने जेमतेम एक गाडी निघाली असती. याच घाटातून त्यांनी तरुणपणी वीस वर्षं मासळीचा टेम्पो नेला होता.

ते पुढच्या सीटवर गेले आणि आत दडलेलं स्टिअरिंग त्यांनी बाहेर ओढलं.

"विम्याशिवाय हाताने चालवलंत, तर यापुढे कुठलीही गाडी तुम्हाला आत घेणार नाही," गाडीने बजावलं.

"बाबा, नको," नेत्रा कण्हत म्हणाली.

"तू घट्ट धरून बस गो."

दगडांना खेटून गाडी निघाली. समोरून कुणी येणार नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर यशवंतरावांनी जुन्या सवयीने हॉर्न दिला. चहाला कुठे थांबायचे, धुकं कुठे उतरायचं, सगळं ते नेत्राला सांगत राहिले. कळ आली की तेवढे गप्प व्हायचे.

सावंतवाडीच्या दवाखान्यात नेत्राला मुलगी झाली. दरड हटवल्यावर संध्याकाळी नेत्राचा नवरा सागर यशवंतरावांना घरी न्यायला आला, पण गाडीने त्यांच्यासाठी दार उघडलं नाही.

"बाबा, आता घरी कसे येणार तुम्ही?" सागरने विचारलं.

"चालत. लागतील दोन दिवस," यशवंतराव हसले. "अरे, पण आज किती वर्षांनी घाट उतरलो मी!"