कंठीचा होकार

कोयना पोह्यांचा घास गिळत होती, तेवढ्यात तिच्या गळ्यातली कंठी तिच्याच गोड आवाजात म्हणाली, ‘‘राइट!’’

समोर बसलेला शौर्यजित खूश झाला. मुलगी बघायचे कार्यक्रम आता इंग्रजीतच होत. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘राइट?’ जोडणाऱ्याला क्षणभरही ताटकळावं लागू नये, म्हणून समोरच्याची कंठी परस्पर होकार देऊन टाकी. ऐकायचे कष्टच उरले नव्हते.

त्याने विचारलं होतं, ‘‘लग्नानंतर तू गोंधळात संबळ वाजवणं सोडशील, राइट?’’

होकार ऐकून कोयनाच्या आबांनी अडकित्ता उचलला. एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलंच. कोयनाची बोटं मांडीवर आपसूक ताल धरू लागली. आईच्या ओव्यांबरोबर अंगात भिनलेला, देवीच्या दारी रात्र रात्र जागलेला ताल. आणि हा बाबा बशीतले शेंगदाणे वेचून खात होता! याला उत्तर नकोच होतं. याला आपलाच शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून परत ऐकायचा होता.

‘‘आबा, जरा थांबा.’’ मग ती शौर्यजितकडे वळून गोड इंग्रजीत म्हणाली, ‘‘तू अगदीच बिनडोक आहेस, राइट?’’

‘‘राइट!’’ त्याची कंठी खणखणीत बोलली. त्याने आणखी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

‘‘आणि आपलं काही जमत नाही, राइट?’’

‘‘राइट!’’

आबांनी अडकित्ता मिटून खिशात घातला.

‘‘पावणं,’’ ते म्हणाले, ‘‘चहा घेऊनच निघा.’’