स्टुलावरचा कॅमेरा

चित्रात माणसं पाच होती, खुर्च्या चार, स्टूल एक आणि फुगे अकरा. धाकटीनं पडद्यावरचं चित्र थांबवून दोनदा मोजलं. बाबा, आजोबा, काका, पाच मेणबत्त्यांच्या केकमागे दादा, आणि भिंतीशी स्टुलावर चढून अकरावा फुगा बांधणारी आई. त्या वाढदिवसाला घरात एवढीच माणसं होती, असं घरचे सांगत. धाकटी स्वतः सहावी, पण दोन महिन्यांची. ती आतल्या खोलीत पाळण्यात झोपली होती, असं आई सांगायची.

कॅसेट दादाला माळ्यावरच्या खोक्यात सापडली. त्यानं ती संगणकावर उतरवून धाकटीकडे पाठवली. "आजवर कुणी धड बघितलेली नाही. जरा स्थिर करून दे," तो म्हणाला. आईनं नाक मुरडलं. "कशाला उकरून काढता? नुसतं गरगरतं ते बघताना."

कॅमेरा मावशीचा होता, आईच्या धाकट्या बहिणीचा. घराच्या बोळात टांगलेल्या फोटोत तो तिच्या गळ्यात दिसतो. धाकटीच्या जन्माआधीच मावशी गेली आणि कॅमेरा मागे राहिला, असं घरात सगळे म्हणत.

कॅसेटमधला आवाज कधीच उडाला होता. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. एकदा बाबा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलले. मग उत्तराची वाट बघत थांबले. मग हसले.

धाकटीनं तेवढा तुकडा पुन्हा एकदा पाहिला. मग ती कामाला लागली. प्रयोगशाळेत ती सूक्ष्मदर्शकाखालची हलणारी चित्रं सरळ करायची. इथंही रीत तीच होती. जागचं हलत नाही असं काहीतरी निवडायचं. तिनं खिडकीचा कोपरा घेतला, दाराची कडी घेतली, घड्याळाचा खिळा घेतला. चित्रात ते जेवढे सरकतात, तेवढा कॅमेरा हलला. चित्र तेवढंच उलट सरकवलं की गप्प बसतं.

संगणकानं आधी हलण्याची रेघ काढून दाखवली. ठेवलेल्या कॅमेऱ्याची रेघ सपाट येते. नुसत्या हातातल्या कॅमेऱ्याची काटेरी येते, बाभळीच्या फांदीसारखी. ही दोन्हींतली नव्हती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. गोल, सावकाश लाटा. मिनिटाला अडतीस.

चौथ्या मिनिटाला सगळ्यांनी एकदम कॅमेऱ्याकडे पाहिलं. दादानं तर कानांवर हात ठेवले. एकट्या आईनं पाहिलं नाही. ती पाठ वळवून फुगा बांधत राहिली. लाटा भराभर येऊ लागल्या. थोड्या वेळानं पुन्हा संथ झाल्या. दादानं कानांवरचे हात काढले.

"आई, हे शूटिंग कुणी केलं गं?"

आई स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. "कुणी नाही. कॅमेरा स्टुलावर ठेवला होता."

"आपल्याकडे तेव्हा स्टुलं किती होती?"

"एक. घराला किती लागतात? दुकान थोडंच काढायचं होतं."

धाकटीनं पडद्यावर स्टुलावर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. ती टाचा उंचावून, दोन्ही हात छताकडे ताणून उभी होती. दोन महिन्यांची बाळंतीण. धाकटीच्या स्वतःच्या मुलीला परवाच दोन महिने पूर्ण झाले होते. तिला अजून वाकून चप्पलसुद्धा उचलवत नव्हती.

आत बाळ रडलं. धाकटीनं मुलीला डाव्या खांद्यावर घेतलं आणि पडद्यासमोर उभ्या उभ्या डोलू लागली. आई ताट घेऊन दारात आली आणि तिचं नेहमीचं सुरू झालं.

"अगं, किती ते संथ डोलणं! अशानं पोर कॉलेजात जाईल, पण झोपायची नाही. जरा भरभर हलव, थोपट. ही तऱ्हा शिकलीस तरी कुणाकडून, देव जाणे."

रोज धाकटी यावर हसायची. आज हसली नाही. पडद्यावर खोली डावीकडे जात होती, उजवीकडे जात होती. तिच्याबरोबर जात होती. बाळ पुन्हा किरकिरलं. तिचं डोलणं आपोआप भरभर झालं. बाळ शांत झालं. डोलणंही आपोआप संथ झालं.

"मी पाळण्यात नव्हते," धाकटी म्हणाली. "मावशीच्या खांद्यावर होते."

आईच्या हातातलं फडकं थांबलं.

"ती माझ्या आधीच गेली, असं सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मग कधी गेली?"

"या केकनंतर तीन आठवड्यांनी."

"मग मी कुणाची?"

"माझी," आई म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली. तीस वर्षं हे उत्तर जिभेवर तयार असल्यासारखं. मग तिनं ते ताट, कोरडं असूनही, पुन्हा पुसलं. "तेवढं हलणं काढून टाक त्यातलं," ती म्हणाली आणि आत गेली.

धाकटीनं चित्र स्थिर करायच्या बटणावर नेलेलं बोट मागे घेतलं. उजव्या हातात फोन घेतला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर धरला. डाव्या खांद्यावर मुलगी तशीच होती. तिनं डोळे मिटले आणि मुलीला नेहमीसारखं झोपवलं. ती झोपली तेव्हा चित्रण थांबवलं आणि त्याच रीतीनं मोजायला दिलं.

संगणकानं रेघ काढली. गोल, सावकाश लाटा.

मिनिटाला अडतीस.