फाइलचा उरलेला भाग

एडिटरच्या तळाशी पिवळी पट्टी आली होती. फाइल फार मोठी आहे, सुरुवातीचे पाचशे बारा एमबी तेवढे दाखवले आहेत.

तिने ती दोनदा वाचली. ही पट्टी काल नव्हती. काल संध्याकाळी संगणकवाल्याने एडिटरची नवी आवृत्ती घातली होती. जुनी आवृत्ती काही न बोलता तेवढंच दाखवत असणार.

शीतगृहाच्या तळघरात यंत्रं होती आणि त्यांच्या नळ्यांतून कार्बन डायऑक्साइड फिरत होता. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड, म्हणून तो खालीच साचतो. तिथला सेन्सर दर सेकंदाला एक ओळ लिहायचा. गळती झाली की वाजणारा भोंगा दुरुस्तीला गेल्यापासून तिचं सकाळचं काम ठरलेलं होतं. फाइल उघडायची, ‘गळती’ हा शब्द शोधायचा, ‘सापडला नाही’ आलं की चिठ्ठीवर सही करायची. दहाच्या ठोक्याला तिचा धाकटा भाऊ चिठ्ठी न्यायला यायचा. तो तिथला फिटर. हवेची टाकी लावलेला मास्क म्हणजे पाठीवर बसवलेली सासू, असं तो सगळ्यांना सांगायचा. ताईची सही असली की त्याला मास्क लागत नसे.

ती दिसत होत्या तेवढ्या ओळींच्या शेवटाला गेली. शेवटच्या ओळीवरची तारीख एक्केचाळीस दिवसांपूर्वीची होती.

एक्केचाळीस सकाळी तिने तोच जुना भाग तपासला होता. त्यात नसलेला शब्द रोज नव्याने सापडला नव्हता.

घड्याळात पावणेदहा झाले होते. चिठ्ठी समोर कोरी होती. चिठ्ठीशिवाय तो खाली जाणार नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पंधरा मिनिटं आहेत. घाबरून काही होत नाही, नीट बघू.

तिने संगणकवाल्याला फोन लावला. फाइलचा आकार ऐकून तो हसला.

“फाइल पाळलीय की अजगर? तुकडे करा, मॅडम. शंभर-शंभर एमबीचे.”

त्याने सांगितलेली आज्ञा एका ओळीची होती. ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं आणि एकेक तुकडा तयार होऊ लागला. मधला वेळ जाता जाईना. सात तुकडे झाले.

पहिल्या पाच तुकड्यांत काही निघणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिने सहावा उघडला. ‘गळती’, तीन ठिकाणी. तीन सेकंद म्हणजे काही फार नाही, सेन्सरची उचकीही असेल. सातवा उघडला. शोधाचा आकडा चाळीसवर गेला, तीनशेवर गेला, आणि थांबेचना. शेवटची ओळ आजची, सकाळी नऊ पंचावन्नची होती.

ओळीच्या टोकाला वायूचं प्रमाण होतं. कोणत्या आकड्याला डोकं दुखतं आणि कोणत्या आकड्याला माणूस हाक न मारता खाली बसतो, हे तिला पाठ होतं. हा दुसरा आकडा होता.

तिने मान वर केली. दहा वाजून आठ मिनिटं. भाऊ आला नव्हता. तो कधी उशीर करत नसे.

ती कोरी चिठ्ठी हातात घेऊन पर्यवेक्षकांच्या टेबलापाशी गेली आणि भाऊ कुठे आहे, असं विचारलं. ते माल उतरवून घेण्याच्या गडबडीत होते.

“तो तर केव्हाच खाली गेलाय. मी विचारलं चिठ्ठीचं. म्हणाला, ताईची चिठ्ठी काय, असतेच. वर येताना घेतो.”

यंत्रं बंद करा, खाली माणसं पाठवा, एवढं ती बोलली आणि धावली. जिन्याच्या बावीस पायऱ्या तिने कशा ओलांडल्या, तिला कळलं नाही.

तळघराचं दार ओढून घेतलेलं होतं. शेजारच्या खुंटीवर टाकी आणि मास्क होता. त्याच खुंटीच्या खिळ्याला तिच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या, तारखेवार, एकही न चुरगळलेली.

आतून नळीवर पान्याचा ठोका ऐकू आला. मग आणखी एक, जरा हळू. तिने त्याला हाक मारली आणि कान दिला. तिसरा आला नाही.

तिने टाकी पाठीवर चढवली आणि मास्क चेहऱ्यावर ओढला. रबराला अजून कोऱ्या वस्तूचा वास होता.