अंजिराची चौथी काडी

आईने लावलेलं अंजिराचं झाड रस्ता रुंद करताना पाडलं, तेव्हा लेकाने त्याच्या चार काड्या कुंड्यांत खोचल्या. पन्नाशी उलटली तरी त्याला दम निघत नसे. मुळं फुटली का बघायला रोज उपटून उपटून त्याने तीन काड्या वाळवल्या. चौथीला दोन पानं आली, पण आई म्हणाली, “पानांवर भुलू नकोस. ती काडीतल्या ओलाव्यावरही फुटतात.” उद्या तिचं ऑपरेशन होतं. सकाळपासून तो कुंडीभोवती घुटमळत होता आणि ती खाटेवरून विचारत होती, “रुजली का रे?” हलकेच ओढलं की कळलं असतं, पण कोवळं मूळ तुटलं तर? त्याने काडी चिमटीत धरली, सोडली, पुन्हा धरली. शेवटी न ओढताच आईजवळ गेला. “रुजली, आई.” “ओढून पाहिलीस?” त्याला खोटं रेटवेना. “नाही.” आई हसली. “गाढवा, मग आता रुजेल.”