कर्ता अज्ञात

माहितीशास्त्रातील संशोधन व अध्यापन या विषयावरील परिषदेच्या पहिल्या दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता, विद्यापीठ-ग्रंथालयाच्या तळमजल्यावर नोंदणीच्या मेजापाशी संयोजक आपल्या गुरूंची वाट पाहत उभा होता. उद्घाटन दहाला होते. विद्यापीठाचा माहितीशास्त्र विभाग ज्यांनी उभा केला त्या गुरूंचा सत्कार, हा त्यातला पहिला कार्यक्रम होता.

सर आले ते पत्नीच्या दोन पावले पुढे. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात पेन्सिल आणि ग्रंथसूचीच्या कोऱ्या कार्डांची बारीक चळत. लिपिकबाईंनी त्यांच्या गळ्यात नावाचे ओळखपत्र अडकवले.

“हे बरं झालं,” फीत चाचपत ते म्हणाले. “हरवलो तर कोणीतरी घरी आणून देईल.”

मेजापाशी हशा पिकला. सरांच्या पत्नी, काकू, तेवढ्या हसल्या नाहीत.

“सत्काराचं नंतर बघू. आधी एक काम.” सरांनी चौघडी घातलेला कागद काढला. “या परिषदेला मी निबंध पाठवला होता. तो नाकारला गेला.”

संयोजक गडबडला. “सर, तुम्ही? मला कोणी सांगितलं नाही.”

“तुला कळायचं कारणच नाही. परीक्षकाला लेखक कळू नये आणि लेखकाला परीक्षक. हा नियम मीच घातला होता ना?”

नियम अजून काटेकोरपणे पाळला जात होता. नावांची यादी एकट्या लिपिकबाईंकडे असे. परीक्षकांच्या हाती जात ते नुसते क्रमांक. सरांनी चष्मा सारखा केला आणि कागद वाचायला घेतला. “‘निबंध क्रमांक सतरा. तिसऱ्या पृष्ठावरील परिच्छेद सातव्या पृष्ठावर आणि पुन्हा अकराव्या पृष्ठावर शब्दशः येतो, आणि दर वेळी नव्या शोधाच्या थाटात.’”

संयोजकाने ते शब्द ओळखले. अभिप्राय त्याचाच होता. लेखक कोणी उतावळा उमेदवार असावा, पाने भरण्यासाठी तोच मजकूर डकवणारा, अशा समजुतीने त्याने तो लिहिला होता. आणि लिहिताना त्याला थोडी मजाही वाटली होती.

“परीक्षक कधी कधी उगाच कडक लिहितात, सर.”

“कडक? अरे, तीन डॉक्टर झाले. एक म्हणतो, वय झालं. दुसरा म्हणतो, झोप घ्या. तिसऱ्यानं टॉनिक दिलं. खरं काय ते या एकानं लिहिलं. तेही पृष्ठांकासकट!”

काकूंनी पाण्याच्या बाटलीचे घट्ट असलेले झाकण आणखी घट्ट केले. “टाइप मीच केलं होतं,” त्या संयोजकाला हळूच म्हणाल्या. “तिसऱ्यांदा सांगताना चेहरा असा काही उजळला होता यांचा... माझा हात थांबला नाही.”

“आणि हे शेवटचं ऐक,” सर म्हणाले. “‘सांगून झालेले पुन्हा सांगणारा एक तर वाचकाला विसरभोळा समजतो, नाहीतर स्वतः तरी तसा असतो.’ वा! काय वाक्य आहे. उभ्या जन्मात मला हे सुचलं नसतं.”

संयोजकाने त्यांच्याकडे पाहिले. थट्टा असेल, चोर पकडल्याची खूण असेल, म्हणून त्याने तो चेहरा ओळन्‌ओळ वाचला. तिथे निखळ कौतुकाखेरीज काही नव्हते.

“सर, तो परीक्षक...”

“नाव सांगू नकोस.” सरांनी हात वर केला. “नियम म्हणजे नियम.”

“मग एवढं तरी ऐका. ते वाक्य तुमचं आहे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला तुम्ही सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं.”

सरांनी पत्नीकडे पाहिले. काकू बाटलीकडे पाहत होत्या. मग ते हसले.

“म्हाताऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस. जे आपलं नाही ते आपल्या नावावर घ्यायचं नाही, एवढं तरी मी तुम्हाला शिकवलंच असेल.”

त्यांनी एक कोरे कार्ड मेजावर ठेवले आणि ते वाक्य सावकाश उतरवून घेतले. कर्त्याचे नाव जिथे लिहायचे त्या वरच्या ओळीवर पेन्सिल क्षणभर थांबली. मग तिने लिहिले: अज्ञात. अक्षर अजूनही छापल्यासारखे होते.

सभागृहात कोणीतरी ध्वनिक्षेपकावर टिचक्या मारून पाहत होते. लिपिकबाई घड्याळाकडे बघू लागल्या.

“सर, संयोजक म्हणून मला अधिकार आहे,” तो घाईघाईने म्हणाला. “दोन परिच्छेद गाळू आणि निबंध घेऊ. आज दुपारच्याच सत्रात वाचा.”

“कुठले दोन गाळायचे ते तुला कळेल,” सर म्हणाले. “मी तिन्ही वाचून पाहिले. मला तिन्ही नवे वाटतात.”

त्यांनी कार्ड चळतीत सरकवले, अभिप्रायाची घडी पुन्हा पहिल्यासारखी घातली आणि सभागृहाकडे वळता वळता निकाल दिला:

“नाकारला, ते योग्यच झालं.”